‘हिमसेल्फ’ की ‘हिजसेल्फ’: इंग्रजी आत्मवाचक सर्वनामांची जडणघडण

इंग्रजीच्या शालेय व्याकरणांत आत्मवाचक सर्वनामांचा जो तक्ता छापलेला असतो, त्यात साधारणपणे आठ रूपे असतात: मायसेल्फ, युअरसेल्फ, हिमसेल्फ, हरसेल्फ, इटसेल्फ, आवरसेल्व्ज, युअरसेल्व्ज आणि देमसेल्व्ज. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या हा तक्ता घोकत आल्या, परंतु तो एका नियमाने बांधलेला नाही ही गोष्ट घोकणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. ‘माय’, ‘युअर’ आणि ‘आवर’ ही षष्ठीची, म्हणजे माझा, तुझा, आमचा असा संबंध दाखवणारी रूपे आहेत. ‘हिम’ आणि ‘देम’ ही मात्र कर्माची, म्हणजे त्याला, त्यांना या अर्थाची रूपे आहेत. ‘हर’ दोन्हींकडे चालते, आणि ‘इट’ला विभक्तीचा कोणताच विकार झालेला नाही. ‘मायसेल्फ’ बरोबर असेल तर ‘हिजसेल्फ’ का चूक, असा प्रश्न एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारला, तर त्याचे उत्तर व्याकरणाच्या नियमांत सापडत नाही. ते शोधण्यासाठी हजार-बाराशे वर्षे मागे जावे लागते.

वाक्यातली क्रिया कर्त्याकडून निघून पुन्हा कर्त्याकडेच येते, तेव्हा कर्माच्या जागी जे सर्वनाम योजले जाते त्याला आत्मवाचक सर्वनाम म्हणतात. ‘त्याने स्वतःला आरशात पाहिले’ या वाक्यात पाहणारा आणि पाहिला गेलेला एकच आहे, हे ‘स्वतःला’ या शब्दावरून कळते. ‘राजा स्वतः आला’ या वाक्यातला ‘स्वतः’ मात्र वेगळे काम करतो. तिथे क्रिया कोणाकडेही परतत नाही, दुसरा कोणी नव्हे तर राजाच आला एवढा जोर तो देतो. आजची इंग्रजी ही दोन्ही कामे ‘हिमसेल्फ’ या एकाच शब्दाकडून करून घेते आणि तिथली व्याकरणे आत्मवाचक प्रयोग आधी शिकवून जोर देणारा प्रयोग पुरवणीसारखा मागून सांगतात. इतिहासाचा क्रम याच्या नेमका उलट आहे. इंग्रजीत ‘सेल्फ’ हा शब्द मुळात जोर देण्यासाठी होता. क्रिया कर्त्याकडे परतली हे दाखवण्याचे काम त्याच्याकडे पुष्कळ उशिरा आले, आणि शुद्धाशुद्धतेचे जे वाद पुढे माजले त्यांतले बरेचसे या जुन्या कामाने नव्याला जागा सोडण्यास दिलेल्या नकारातून निघाले आहेत.

अँग्लो-सॅक्सन लोकांच्या भाषेला, म्हणजे साधारण सातव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत इंग्लंडात लिहिल्या गेलेल्या जुन्या इंग्रजीला, स्वतंत्र आत्मवाचक सर्वनामच नव्हते. ‘तो’ या अर्थाच्या ‘हे’ या सर्वनामाचे कर्मरूप ‘हिने’ असे होते. मराठी वाचकाला ते स्त्रीलिंगी तृतीयेचे रूप वाटेल, पण ते पुल्लिंगी द्वितीयेचे होते आणि त्याचा अर्थ ‘त्याला’ असा होता. हेच ‘हिने’ ‘त्याला’ या अर्थाने येई आणि ‘स्वतःला’ या अर्थानेही येई, त्यामुळे ‘त्याने हिने मारले’ अशा घडणीच्या वाक्यात मेला तो शत्रू की मारणारा स्वतःच, हे केवळ शब्दांवरून ठरत नसे. मागचापुढचा संदर्भ पाहूनच ते ठरवावे लागे. प्रथम आणि द्वितीय पुरुषात असा घोटाळा होण्याचे कारण नव्हते, कारण ‘मी मला धुतो’ असे म्हटल्यावर तो ‘मला’ दुसऱ्या कोणाचा असू शकत नाही. गाडे अडत होते ते तृतीय पुरुषात.

ही उणीव जर्मानिक भाषाकुलातल्या सगळ्याच भाषांत नव्हती. चौथ्या शतकात वुल्फिला या धर्मोपदेशकाने गॉथिक भाषेत केलेल्या बायबलच्या भाषांतरात ‘सिक’ हे खास आत्मवाचक रूप आढळते. उत्तरेकडच्या नॉर्स भाषेत तेच होते आणि आजच्या जर्मनमधले ‘झिख’ हे त्याचेच भावंड आहे. उत्तर समुद्राच्या काठावरच्या भाषांनी मात्र ते लिखित काळापूर्वीच टाकून दिले होते. नेदरलँड्सच्या उत्तरेकडील फ्रिजियन ही इंग्रजीची सर्वांत जवळची नातलग भाषा मानली जाते, आणि तिच्यात ‘तो त्याला धुतो’ अशा रचनेतून ‘तो अंग धुतो’ हा अर्थ आजही निघतो. शेजारच्या डचमध्येही पूर्वी हीच स्थिती होती, पण तिने पूर्वेकडच्या जर्मन बोलींतून ‘झिख’ उसने घेऊन आपली गरज भागवली. इंग्रजीने उसनवारी केली नाही, आणि बेटावरच्या भाषेला तशी संधीही कमीच होती. नॉर्स बोलणारे डॅनिश लोक इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात येऊन वसले आणि त्यांच्याकडून इंग्रजीने ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही अख्खी सर्वनामे घेतली, तरी त्यांचे आत्मवाचक रूप मात्र घेतले नाही, याचे भाषेतिहासाच्या अभ्यासकाला नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

जी सोय बाहेरून आली नाही ती घरातल्याच एका शब्दाने केली. ‘सेल्फ’ किंवा ‘सिल्फ’ हे जुन्या इंग्रजीतले एक विशेषण होते. ते नामाला किंवा सर्वनामाला लागून येई आणि त्याच्याबरोबर विभक्तीने बदले. द्वितीयेत ‘हिने सेल्फने’, चतुर्थीत ‘हिम सेल्फुम’, षष्ठीत ‘हिस सेल्फेस’ अशी ती जोडी चाले. अर्थ होता ‘तोच’, ‘खुद्द तो’. इसवी सन 1000 च्या आसपास एल्फ्रिक या बेनेडिक्टीय साधूने लॅटिनचे व्याकरण इंग्रजीतून लिहिले. लॅटिनमधील ‘इप्से’ या जोर देणाऱ्या शब्दाला त्याने ‘सेल्फ’ हाच प्रतिशब्द दिला, आणि त्यावरून त्या काळच्या शिक्षिताच्या कानाला ‘सेल्फ’ म्हणजे काय वाटे याचा अंदाज येतो. एल्फ्रिकच्या काळच्या गद्यात, आणि त्याच्या स्वतःच्याही, जिथे ‘त्याने त्याला मारले’चे दोन अर्थ होऊ शकत तिथे ‘हिने’ला ‘सेल्फने’ची जोड देऊन लेखक गोंधळ टाळू लागले होते. ‘त्याने त्यालाच मारले’ असे मराठीत ‘च’ लावून म्हणावे तसा हा प्रकार होता. शब्द अजून जोराचाच होता, पण त्या जोराचा उपयोग अर्थ नेमका करण्यासाठी होऊ लागला होता.

आता ‘हिमसेल्फ’च्या पोटातल्या ‘हिम’कडे पाहता येईल. जुन्या इंग्रजीत चतुर्थीचे सर्वनाम वाक्यात केवळ हितसंबंध दाखवण्यासाठीही येत असे. क्रियेचा लाभ किंवा परिणाम कोणाच्या पदरात पडला, हे त्यावरून सूचित होई. ‘तो त्याला गेला’ म्हणजे ‘तो आपला निघून गेला’ अशी ती ढब होती. मराठीतला हा ‘आपला’ जसा वाक्यातून काढला तरी अर्थ बिघडत नाही, फक्त बोलण्याची लय बिघडते, तसेच ते ‘हिम’ होते. ‘तो, त्याला, सेल्फ’ असे तीन शब्द वाक्यात शेजारी येत, त्यांत ‘सेल्फ’ प्रथमेत राहून कर्त्याशी जुळलेला असे आणि ‘हिम’ मध्ये सुटे असे. बोलता बोलता ते सुटे ‘हिम’ मागच्या ‘हे’ला चिकटण्याऐवजी पुढच्या ‘सेल्फ’ला चिकटले, आणि कर्त्यावर जोर देणाऱ्या शब्दाच्या पोटात कर्माचे रूप कायमचे जाऊन बसले. ‘राजा स्वतः आला’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्यात आजही ‘हिमसेल्फ’ येते, जरी तिथे ‘हिम’ म्हणण्याचे व्याकरणदृष्ट्या काहीच प्रयोजन नाही, त्याचे कारण हे आहे. या सांध्याचा तपशील अभ्यासकांनी बारकाईने तपासला असून एली व्हान खेल्डेरेन यांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ आणि एडवर्ड कीनन यांचे लेखन यांत तो विस्ताराने आला आहे.

1066 च्या नॉर्मन स्वारीनंतरच्या तीन शतकांत इंग्रजीचे विभक्तिप्रत्यय झडून गेले, ‘सेल्फ’चे रूप गोठले, आणि ते विशेषण आहे की नाम याचा पत्ता शब्दाच्या शेवटावरून लागेनासा झाला. प्रथम पुरुषाच्या रूपात याच काळात पालट झाला. पूर्वी ‘मी सेल्फ’, म्हणजे ‘मला’ या अर्थाच्या रूपाला लागलेला ‘सेल्फ’, असा प्रयोग होता. त्याच्या जागी ‘माय सेल्फ’ आला. हे कसे घडले याचा एक पटणारा उलगडा स्त्रीलिंगी रूपात मिळतो. ‘हर’ हे ‘तिला’ आणि ‘तिचा’ या दोन्ही अर्थांचे रूप असल्याने ‘हर सेल्फ’ ऐकणाऱ्याला ते ‘तिला-सेल्फ’ असे वाटे किंवा ‘तिचा सेल्फ’ असेही वाटे. दुसरा अर्थ ज्यांनी धरला त्यांना ‘सेल्फ’ हे नाम वाटले, आणि मग त्याच धर्तीवर ‘माझा सेल्फ’, ‘तुझा सेल्फ’ ही रूपे ओघानेच आली. शिवाय ‘मी’ हा उच्चार जोर नसताना ‘मि’ असा ऱ्हस्व होई आणि ‘माय’चा दुबळा उच्चारही तसाच होई, त्यामुळे ऐकण्यात दोघांत भेद उरत नसे. ही लाट ‘हिम’पर्यंत पोहोचली, पण त्याला हलवू शकली नाही. ‘हिजसेल्फ’ निर्माण झाले, इंग्लंड-अमेरिकेच्या अनेक बोलींत ते आजही नांदते आहे, परंतु प्रमाण भाषेने त्याला दारातच थांबवले. यात तर्कापेक्षा सवयीचा भाग अधिक होता असे म्हणावे लागते.

अनेकवचनाची कथा याहून वळणावळणाची आहे. कवी चॉसर 1400 मध्ये वारला तेव्हा लंडनच्या भाषेत कर्त्याच्या जागी नॉर्सकडून आलेले ‘दे’ रुळले होते, पण कर्माच्या जागी जुने ‘हेम’ टिकून होते, आणि त्यामुळे त्याच्या लेखनात ‘हेमसेल्फ’ आढळते. पुढे ‘देम’ आले तसे ‘देमसेल्फ’ झाले, आणि त्यात ‘सेल्फ’ एकवचनीच राहिला, कारण विशेषणाला वचन लागत नाही. ‘सेल्फ’ नाम आहे ही समजूत दृढ झाल्यावर मात्र अनेक माणसांचे अनेक ‘सेल्फ’ असले पाहिजेत असे वाटू लागले, आणि सोळाव्या शतकात ‘देमसेल्व्ज’, ‘आवरसेल्व्ज’ ही रूपे पुढे सरसावली. या नव्या प्रत्ययाचा एक फायदा असा झाला की ‘यू’ हे सर्वनाम एकवचनी आणि अनेकवचनी सारखेच झालेले असताना ‘युअरसेल्फ’ आणि ‘युअरसेल्व्ज’ यांनी वचनाचा भेद राखला, जो आजच्या इंग्रजीत द्वितीय पुरुषात दुसरीकडे कुठेच उरलेला नाही. ‘आवरसेल्फ’ हे मागे राहिलेले एकवचनी रूप राजांच्या तोंडी शोभू लागले. स्वतःला ‘आम्ही’ म्हणणारा राजा माणूस म्हणून एकच असल्याने त्याला ‘आम्ही’ही हवे होते आणि ‘सेल्फ’ही एकच हवा होता, आणि शेक्सपिअरच्या नाटकांतले राजे तो बिनदिक्कत वापरतात. ‘देमसेल्फ’ मात्र लिखित भाषेतून जवळजवळ नाहीसे झाले. स्त्री किंवा पुरुष असा उल्लेख टाळून एका व्यक्तीसाठी ‘दे’ वापरण्याची रीत अलीकडे बळावली, मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन कोशसंस्थेने 2019 सालचा शब्द म्हणून ‘दे’ची निवड केली, तसे हे मध्ययुगीन रूप पुन्हा वर आले आहे; त्याला नवी टूम म्हणून नाके मुरडणाऱ्यांना ते ‘देमसेल्व्ज’पेक्षा वयाने मोठे आहे याची सहसा जाणीव नसते.

कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, त्यानंतरची दोन-अडीच शतके ‘माय सेल्फ’, ‘इट सेल्फ’ असे दोन सुटे शब्द छापण्याचा प्रघात सर्रास होता. ही केवळ खिळे जुळवणाऱ्यांची लहर नव्हती. ‘सेल्फ’ हे स्वतंत्र नाम आहे, ही समजूत त्या मोकळ्या जागेत दिसते. ‘इटसेल्फ’मध्ये मात्र ‘इट’च राहिले, कारण हे रूप घडले तेव्हा ‘त्याचे’ या अर्थाचे ‘इट्स’ भाषेत नव्हतेच. ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस आले आणि 1611 च्या अधिकृत बायबलच्या पहिल्या आवृत्तीतही त्याला स्थान मिळालेले नाही. ‘सेल्फ’ नाम झाल्यावर तत्त्वज्ञांना तो हाती लागला. जॉन लॉक याने मानवी आकलनावरील आपल्या निबंधाच्या 1694 मधील दुसऱ्या आवृत्तीत व्यक्तीच्या एकत्वावर नवे प्रकरण घातले आणि त्यात ‘सेल्फ’ला सर्वनामाच्या पंखाखालून बाहेर काढून विचाराचा विषय केले. ज्याला मराठी ग्रंथकार आज ‘स्व’ म्हणतात, त्या संकल्पनेचे इंग्रजी नाव एका विशेषणाच्या विभक्तिलोपातून जन्मले, हे नोंदवण्याजोगे आहे.

नामत्वाची आणखी एक खूण अशी की ‘सेल्फ’च्या आधी विशेषण घालता येते, आणि ते घातले की ‘हिम’ची सद्दी लगेच संपते, ‘हिज ओन सेल्फ’ असेच म्हणावे लागते, ‘हिम ओन सेल्फ’ कोणी म्हणत नाही. भारतातल्या कचेऱ्यांच्या पत्रव्यवहारात ‘युअर गुड सेल्फ’ हा जो नम्रतेचा मासला अजून टिकून आहे, तोही याच घडणीचा आहे.

अठराव्या शतकात इंग्रजीची व्याकरणे लिहिणाऱ्यांपुढे हा विसंगत तक्ता आला तेव्हा त्यांची पंचाईत झाली. रॉबर्ट लाउथ या पुढे लंडनचा बिशप झालेल्या विद्वानाने 1762 मध्ये आपले छोटेखानी व्याकरण प्रसिद्ध केले, आणि त्यात ‘हिमसेल्फ’ व ‘देमसेल्व्ज’ ही रूपे कर्त्याच्या ठिकाणी येतात तो अपभ्रंश असून खरी रूपे ‘हिज सेल्फ’ आणि ‘देअर सेल्व्ज’ अशी असावीत, असे मत मांडले. अशुद्ध भाषेवर छडी उगारणारा म्हणून ज्याची ख्याती आहे, त्या लाउथचा तर्क अशा रीतीने खेडुताच्या बोलीच्या बाजूने पडला. लोकांनी त्याचा हा तर्क ऐकला नाही. त्याच्या पुस्तकावर बेतलेले लिंडले मरे याचे व्याकरण 1795 मध्ये यॉर्क येथे निघाले. अमेरिकेत जन्मलेल्या या वकिलाने ते तिथल्या क्वेकर पंथाच्या मुलींच्या शाळेसाठी लिहिले होते, पण ते अटलांटिकच्या दोन्ही काठांवर आणि वसाहतींतही पोहोचले. लाउथची शंका मात्र मागे पडली आणि तक्ता जसा होता तसाच गोठला.

दरम्यान वाक्यरचनेतही पालट झाला होता. सोळाव्या शतकापर्यंत ‘हिमसेल्फ’ने साध्या ‘हिम’ला आत्मवाचक कामातून बरेचसे हटवले होते, शेक्सपिअरच्या काळी ‘तू तुला बैस’ अशा घडणीचे जुने प्रयोग ऐकू येत, पण ते आर्ष वाटू लागले होते. त्याच वेळी कितीतरी क्रियापदांनी कर्मच टाकून दिले. दाढी करणे, कपडे घालणे, अंग धुणे या अर्थांची इंग्रजी क्रियापदे नुसती आली तरी ती क्रिया स्वतःवरच झाली असे आज समजले जाते, आणि जर्मनमध्ये जिथे ‘झिख’ लागते तिथे इंग्रजीला काहीच लागत नाही. उलट अभिमान बाळगणे, खोटी साक्ष देणे, एखाद्या सोयीचा लाभ घेणे या अर्थांची काही क्रियापदे अशी आहेत की त्यांच्यापुढे ‘सेल्फ’ आलाच पाहिजे. जुन्या व्यवस्थेचे अवशेषही इथेतिथे सापडतात. ‘त्याने मागे वळून पाहिले’ किंवा ‘तिच्याजवळ पैसे नव्हते’ अशा स्थळवाचक रचनांत शब्दयोगी अव्ययापुढे आजही साधे ‘हिम’ किंवा ‘हर’च येते, तिथे ‘हिमसेल्फ’ घालणारा विद्यार्थी अतिशुद्धतेच्या नादात चुकतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडे ‘मी मला एक गाडी घेतली’ असे ‘मला’ या अर्थाचे साधे इंग्रजी ‘मी’ घालून बोलतात, ती ग्राम्यता नसून जुन्या हितसंबंधी चतुर्थीचा जिवंत तुकडा आहे.

सर्वांत चिवट वाद ‘मायसेल्फ’चा आहे. वाक्याचा कर्ता ‘आय’ असेल तरच ‘मायसेल्फ’ यावे, ‘हे पत्र बंधूंना आणि मायसेल्फला द्या’ अशा वाक्यात ते येऊ नये, असा नियम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भाषाशुद्धीची पुस्तके सांगत आली आहेत. त्यापूर्वीच्या चांगल्या लेखकांना या नियमाची गंधवार्ता नव्हती. कोशकार सॅम्युएल जॉन्सन याच्या पत्रांतही इतर नावांच्या मालिकेत ‘मायसेल्फ’ कर्त्याच्या जागी बसलेले सापडते. त्या जागी ‘आय’ घालावे की इंग्रजीतले कर्मरूप ‘मी’, हे न कळल्यामुळे लोक ‘मायसेल्फ’ची पळवाट काढतात, असा आक्षेप घेतला जातो आणि तो काही अंशी खरा आहे. परंतु त्याहून जुने कारण विनय हे आहे. ‘मी’ हा शब्द उघडावाघडा वाटतो, त्यावर एक आवरण घातले की बोलणे सौम्य होते. आयरिश इंग्रजीत घरच्या धन्याचा उल्लेख नुसत्या ‘हिमसेल्फ’ने होतो, तिथेही हाच संकोच आहे, मात्र आदराच्या दिशेने. मराठी दप्तरांत धन्याच्या स्वतःच्या स्वारीला ‘खासा स्वारी’ म्हणत, त्यातला भाव याहून फार वेगळा नाही.

मराठी भाषकाचा या तक्त्याशी संबंध आला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्याच्या हातात आधीपासून एक निराळी आणि काही बाबतींत अधिक सूक्ष्म व्यवस्था होती. संस्कृतात ‘आत्मन्’ हा शब्द पुल्लिंगी एकवचनात ठेवून सर्व पुरुषांसाठी, लिंगांसाठी आणि वचनांसाठी आत्मवाचक म्हणून वापरत. त्याच्यापासून प्राकृतातल्या ‘अप्पण’मार्गे मराठीचे ‘आपण’ आले, आणि ‘स्वतः’ हे संस्कृत अव्यय शेजारी येऊन बसले. जोर देण्यासाठी फारसीकडून ‘खुद्द’ आणि अरबीतील ‘जात’वरून ‘जातीने’ हे शब्द मिळाले, त्यामुळे इंग्रजीला जे एका ‘हिमसेल्फ’मध्ये कोंबावे लागते ते मराठीत वाटून घेतले गेले. पुष्कळदा मराठी सर्वनामाला हातही लावत नाही. ती अवयव किंवा प्राण पुढे करते. ‘त्याने जीव दिला’, ‘तिने अंग काढून घेतले’, ‘जिवाला जप’ या प्रयोगांत जीव आणि अंग हे शब्द आत्मवाचक सर्वनामाचेच काम करतात, आणि ही रीत काही मराठीपुरती नाही, कारण बास्क आणि जॉर्जियन या भाषांत ‘डोके’ या अर्थाचा शब्द हेच काम करतो.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ 1836 मध्ये प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 मध्ये. या दोहोंच्या दरम्यान मराठी सर्वनामांचे वर्ग आणि त्यांच्या संज्ञा स्थिर होत गेल्या. शाळांतून आजही असे शिकवतात की ‘आपण’ हे ‘आम्ही’ किंवा ‘तुम्ही’ या अर्थाने आले तर पुरुषवाचक आणि ‘स्वतः’ या अर्थाने आले तर आत्मवाचक, आणि आत्मवाचक ‘आपण’ वाक्याच्या आरंभी येत नाही. हे शेवटचे निरीक्षण अचूक आहे, कारण परतण्यासाठी आधी कर्ता येऊन गेलेला असावा लागतो.

खरी फसगत भाषांतरात होते. ‘रामाला वाटले की गोविंदाने आपल्याला फसवले’ या वाक्यात फसलेला तो रामा. ‘आपल्याला’ हा शब्द गौण वाक्यातल्या गोविंदाला ओलांडून मुख्य वाक्यातल्या रामाकडे जातो. त्या जागी ‘स्वतःला’ घातले तर फसलेला गोविंदाच ठरतो. इंग्रजीचे ‘हिमसेल्फ’ एवढी लांब उडी घेऊ शकत नाही. ते आपल्याच उपवाक्यातल्या कर्त्याला धरून राहते, म्हणून पहिल्या वाक्याच्या भाषांतरात साधे ‘हिम’च यावे लागते. ‘आपण’ म्हणजे ‘हिमसेल्फ’ असे समीकरण पाठ केलेल्या विद्यार्थ्याचा रामा इंग्रजीत बचावतो आणि गोविंदा विनाकारण स्वतःलाच फसवून बसतो. नोम चॉम्स्की यांनी 1981 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात आत्मवाचक शब्दाचा धनी जवळच्या परिघातच असला पाहिजे असे तत्त्व होते, आणि मराठीचे ‘आपण’ त्यात बसत नाही हे काशी वाली यांच्यासारख्या भाषावैज्ञानिकांनी दाखवल्यावर त्याची चर्चा जगभरच्या भाषाशास्त्रात झाली. षष्ठीतही तोच भेद आहे. ‘गोविंदाने आपली पगडी उचलली’ आणि ‘गोविंदाने त्याची पगडी उचलली’ या दोन वाक्यांत पगडीचा मालक बदलतो. इंग्रजीचे ‘हिज’ दोन्हीकडे सारखेच राहते, म्हणजे एल्फ्रिकच्या काळचा घोटाळा षष्ठीत अजून सुटलेला नाही. ‘आपापले’ आणि ‘आपसांत’ यांच्या तोडीचे एकशब्दी रूप इंग्रजीत मिळत नाही.

इंग्रजी भारतात रुजल्यावर तिच्या ‘सेल्फ’ने इथे आणखी रूपे धरली. लाभ घेण्याच्या अर्थाचे ‘अव्हेल’ हे क्रियापद इंग्लंडात ‘सेल्फ’शिवाय अडते, भारतीय इंग्रजीत ते त्याच्याविना सुखेनैव चालते. ‘एन्जॉय’ला तिथे कर्म लागते, इथे ‘आम्ही खूप एन्जॉय केले’ म्हणताना कर्माची आठवणही होत नाही. ओळख करून देताना नावाआधी ‘मायसेल्फ’ म्हणण्याची पद्धत सर्वांना परिचित आहे. तिला हसणारे पुष्कळ आहेत, पण शाळेतल्या पहिल्या इंग्रजी निबंधाचा मथळाच ‘मायसेल्फ’ असतो हे लक्षात घेतले म्हणजे दोष सगळा बोलणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. शिवाय आत्मवाचकाने कर्त्याची गादी बळकावणे भारतीय भाषांना नवे नाही: मुंबईच्या बोलीतले ‘अपुन’ मूळचे आत्मवाचक असून आज ते सरळ ‘मी’ झाले आहे, आणि मराठीचे ‘आपण’ समोरच्याला आदराने संबोधण्याइतके वर चढले आहे. बँकेच्या खिडकीवर धनादेशाच्या ओळीत खातेदार नुसते ‘सेल्फ’ लिहितो, त्याच्या आधी ना ‘हिम’ असते ना ‘हिज’, आणि कारकून पैसे मोजून देतो.